हॉटमेल : २५ वर्षं वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आमच्या नाशिकच्या घरी माळ्यावर एक निळी पंच फाइल आहे, त्यात दादाचे १९९९ ते २००३ चे सगळे मेल प्रिंट काढून तारखेप्रमाणे लावलेत. बाबांनी लावलेत, सरकारी नोकरीत आयुष्य गेलं त्यामुळे कागद फायलीला लागला की तो आला असं त्यांचं. मागच्या महिन्यात माळा आवरताना ती फाइल खाली आली आणि मी दुपारभर आवरायचं सोडून वाचतच बसले.

सुरुवातीच्या प्रत्येक कागदाच्या तळाशी इंग्रजीत एक ओळ आहे, गेट युअर प्रायव्हेट, फ्री ईमेल ॲट हॉटमेल, आणि खाली त्यांचा पत्ता. आईला बरेच दिवस वाटायचं की ही ओळ दादाच लिहितो, म्हणजे आपण पत्राच्या शेवटी कळावे लोभ असावा लिहितो तसं तिकडचं काहीतरी असेल. तिला समजावून सांगितलं की अगं ही जाहिरात आहे, तर म्हणे पत्रात जाहिरात कशाला. प्रश्न बरोबर होता तिचा. पण त्या एका ओळीवर ती अख्खी कंपनी उभी राहिली होती, ते पुढे सांगते.

आता हॉटमेलचं नाव काढलं की लोक विचारतात अजून आहे का ते. आहे. माझा आयडी १९९९ चा आहे, दादाचा त्याच्याही आधीचा, दोन्ही चालू आहेत. म्हणून म्हणलं एकदा नीट लिहावं, काय भारी होतं, कुठे घसरलं आणि आज घ्यावं का.

आधी त्याच्या आधीचं सांगते नाहीतर कळणार नाही. आपल्याकडे विदेश संचार निगम म्हणजे व्हीएसएनएलनं इंटरनेट सगळ्यांसाठी सुरू केलं १५ ऑगस्ट १९९५ ला. त्यांच्याकडून कनेक्शन घेतलं की मेलचा पत्ता मिळायचा, आणि तो कसा, तर नावानंतर जीआयएएसबीएम झिरो वन डॉट व्हीएसएनएल डॉट नेट डॉट इन. हे मुंबईचं. पुण्याचं वेगळं, तिथे पीएन. हे फोनवर अमेरिकेत कोणाला सांगून बघा, आयएसडीचं मीटर पळतंय आणि तुम्ही एक एक अक्षर सांगताय. वर कनेक्शन बंद केलं की पत्ता गेला. ऑफिसचा मेल असेल तर नोकरी सोडली की तो गेला. म्हणजे मेलचा पत्ता हा भाड्याच्या घरासारखा, घर सोडलं की पत्र दुसऱ्याच्या दारात.

हॉटमेलनं हे बदललं. हे ज्यांनी काढलं ते दोघं, सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ. भाटिया चंदीगडला जन्मलेला, बंगलोरला वाढलेला, बिट्स पिलानीतून कॅलटेकला गेला, मग स्टॅनफर्ड, मग ॲपल. स्मिथ त्याचा ॲपलमधलाच ओळखीचा. नंतर दोघं कॅलिफोर्नियात एका छोट्या कंपनीत नोकरीला होते आणि फावल्या वेळात स्वतःचा धंदा काढायचं त्यांचं चाललं होतं. अडचण अशी की त्याबद्दल एकमेकांना मेल करायचा तर ऑफिसच्या मेलवरून करावा लागणार, म्हणजे साहेबाला दिसणार. स्वतःची खाजगी खाती होती पण ऑफिसच्या नेटवर्कच्या भिंतीतून ती उघडत नव्हती. ब्राउझर मात्र चालत होता. मग स्मिथच्या डोक्यात आलं की मेलच ब्राउझरमध्ये आणला तर? कुठल्याही कॉम्प्युटरवर बसा, वेबसाइट उघडा, पासवर्ड टाका, झालं. गाडी चालवत घरी जाताना त्यानं भाटियाला मोबाइलवर हे सांगायला घेतलं तर भाटिया म्हणाला आधी फोन ठेव, घरी जाऊन साध्या फोनवरून कर, कोणी ऐकलं तर. एवढी कल्पना त्याला तिथल्या तिथे पटली होती.

पैसे मागायला जाताना हे लोक ही खरी कल्पना सुरुवातीला सांगायचेच नाहीत. जावासॉफ्ट नावाची दुसरीच एक कल्पना पुढे करायचे आणि माणूस बरा वाटला तरच मेलचं काढायचे. शेवटी ड्रेपर फिशर जर्वेटसन या फर्मनं ३ लाख डॉलर दिले, १५ टक्के हिस्सा घेऊन. सुरुवात केली ४ जुलै १९९६ ला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, मुद्दाम. नाव ठेवताना एचटीएमएल (वेब पानं ज्या भाषेत लिहितात ती) ही अक्षरं त्यात बसली पाहिजेत म्हणून हॉटमेल, सुरुवातीला ती चार अक्षरं मोठी काढून लिहायचे.

ती तळाची ओळ त्या फर्मच्या टिम ड्रेपरच्या आग्रहानं आली. भाटिया आणि स्मिथला ते पटत नव्हतं, लोकांच्या खाजगी पत्रात आपली जाहिरात कशी घालायची. म्हणजे बघा, आमच्या आईचाच मुद्दा. पण ओळ घातली आणि प्रत्येक माणूस जो मेल पाठवेल तो आपोआप जाहिरात करायला लागला. भारतात आणि स्वीडनमध्ये त्यांनी काहीही मार्केटिंग केलं नव्हतं तरी दोन्हीकडे हॉटमेल सगळ्यात मोठी मेल सेवा झाली, असं त्या गुंतवणूकदारांनीच लिहिलंय. एखाद्या गावातून पहिला माणूस यायचा आणि मग त्याच्यामागे ते अख्खं कॉलेज. व्हायरल मार्केटिंग हा शब्द आपण आता सर्रास वापरतो, तो रुळला हॉटमेलच्या या गोष्टीतून. दीड वर्षात सभासद कोटीच्या घरात.

आमच्या घरात ते असंच आलं. दादा १९९९ ला वायटूकेच्या, म्हणजे २००० साल लागताना कॉम्प्युटरच्या तारखा चुकू नयेत म्हणून चाललेल्या कामावर न्यू जर्सीला गेला, तिथून त्यानं शेजारच्या काकांच्या मुलाला मेल केला, त्यानं मला सायबर कॅफेत नेऊन खातं काढून दिलं. कॉलेज रोडला जिन्याखाली एक कॅफे होता, पाच कॉम्प्युटर, तासाला ५० रुपये, मोडेमचा तो किर्र आवाज संपला की सगळे एकदम टाइप करायला लागायचे. मी रविवारी जायचे. आई तोंडानं सांगायची ते आणि बाबांनी पेनानं लिहून दिलेलं अर्धं पान, दोन्ही मी रोमन लिपीत मराठी करून टाइप करायचे, कारण तेव्हा मराठी फॉण्टचा सगळा सावळा गोंधळ होता, या कॉम्प्युटरवर लिहिलेलं त्या कॉम्प्युटरवर चौकोन दिसायचे. मग दादाचं उत्तर आलेलं असलं की प्रिंट काढायची, पानाला ५ रुपये, ती घरी आणायची. बाबा चष्मा लावून मोठ्यानं वाचायचे आणि ती रोमन मराठी वाचताना अडायचे, तिथे आई बरोबर शब्द सांगायची, न बघता.

२००१ ला तिकडे मंदी आली. दादा कन्सल्टिंगवर होता, दोन वर्षांत चार कंपन्या झाल्या, एडिसन, मग डॅलस, मग काही महिने मित्राकडे, मग परत न्यू जर्सी. फोन नंबर दर वेळी नवा, ऑफिसचा मेल दर वेळी नवा. मधले तीन महिने ऑफिसच नव्हतं. हॉटमेलचा पत्ता तोच राहिला. फायलीत बघताना हे जाणवतं, मजकुरात गावं बदलतायत, हवामान बदलतंय, आणि वरच्या ओळीतलं फ्रॉम एकसारखं. आईला तेव्हा तो नेमका कुठल्या गावात आहे हे सांगता यायचं नाही, पण रविवारी मेल असायचा. माझ्यासाठी हॉटमेलचा सगळ्यात मोठा गुण हाच, आणि तो त्यांनी फुकट दिला. साहेबापासून लपवायला काढलेली सोय नोकरी गेलेल्या माणसाच्या कामी आली.

आता घसरण. हे मी मनापासून लिहितेय कारण मला या गोष्टीचं खरंच वाईट वाटतं.

मायक्रोसॉफ्टनं १९९७ च्या अगदी शेवटी, ३१ डिसेंबरच्या आसपास, हॉटमेल विकत घेतलं, सुमारे ४० कोटी डॉलरला. भाटिया २९ वर्षांचा होता. आपल्याकडे पेपरात फोटो आले होते, आमच्या शेजारी तर मुलांना ऐकवायचे बघा बघा. विकण्यात काही चूक नाही, एवढी खाती चालवायला पैसा लागतोच. गंमत म्हणजे हॉटमेल चालायचं फ्रीबीएसडी आणि सोलारिस या दुसऱ्यांच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, आणि मायक्रोसॉफ्टचं तर सगळं विंडोजवर हवं, ते हलवण्यात त्यांची कित्येक वर्षं गेली, वेब पानं दाखवणारे दर्शनी सर्व्हर २००० मध्ये विंडोजवर आले आणि मेल साठवणारे मागचे त्याच्याही नंतर. माझं मत असं की या काळात लक्ष घरातल्या शिफ्टिंगकडे राहिलं आणि मेलची पेटी वापरणाऱ्याकडे कमी.

ऑगस्ट १९९९ मध्ये तर एक फारच वाईट प्रकार झाला. एक साधं वेब पान होतं ज्यात कुणाचंही हॉटमेलचं नाव टाकलं की पासवर्ड माहीत नसताना त्याची पेटी उघडायची. कुणाचीही. स्वीडनच्या एका पेपरनं बातमी दिली आणि मायक्रोसॉफ्टला काही तास सर्व्हर बंद करून ते बुजवावं लागलं. तेव्हा हॉटमेलची ४ कोटींच्या वर खाती होती. त्या ओळीत प्रायव्हेट हा शब्द होता ना, फ्रीच्या आधी. आणि त्याच वर्षी नाताळात लॉगिन बंद पडलं, कारण लॉगिन ज्या पासपोर्ट डॉट कॉमवरून व्हायचं त्या वेबसाइटच्या नावाचे पैसे भरायचेच राहून गेले होते. अमेरिकेतल्या एका लिनक्सवाल्या प्रोग्रामरनं स्वतःच्या कार्डावरून ते ३५ डॉलर भरले आणि दुसऱ्या दिवशी लोकांचं मेल परत सुरू. मला तो माणूस फार आवडतो. मायक्रोसॉफ्टनं नंतर त्याला पैसे परत केले, बरेच जास्तीचे. पण एवढ्या मोठ्या कंपनीला ३५ डॉलरची तारीख लक्षात राहत नाही म्हणजे काय.

तरी लोक या सगळ्यामुळे गेले नाहीत. लोक गेले जागेमुळे.

हॉटमेलची पेटी २ एमबीची होती. आजच्या मोबाइलचा एक फोटो त्यात मावणार नाही. १९९६ ला ठीक होतं, तेव्हा डिस्क महाग होती आणि मेल म्हणजे चार ओळी. पण २००० आलं, २००२ आलं, लोक फोटो पाठवायला लागले, बारशाचे, लग्नाचे, आणि पेटी २ एमबीचीच. भरली की पुढचे मेल परत जायचे. जास्त जागा हवी तर पैसे भरा. वर ३० दिवस लॉगिन केलं नाही तर खातं निष्क्रिय आणि आतले मेल पुसले जायचे. म्हणजे नियम असा की पत्र वाचा आणि टाकून द्या. बाबांना प्रिंटची सवय होती ती कागदाच्या प्रेमानं, पण आज त्या फायलीकडे बघताना कळतं की २००३ पर्यंतचा दादा आमच्याकडे राहिला तो त्या ५ रुपये पानामुळे. हॉटमेलच्या पेटीत त्या काळातलं एकही पत्र नाही, ते तिथे राहावं अशी तिची रचनाच नव्हती. (एका दुसऱ्याच फुकट मेलवाल्या कंपनीत माझं खातं होतं, नाव नाही घेत, ती बंदच पडली आणि माझे एमएच्या वेळचे तीन वर्षांचे मेल गेले, तेव्हापासून मला या विषयात जास्तच कळवळा आहे.)

१ एप्रिल २००४ ला जीमेल आलं, १ जीबी घेऊन. म्हणजे ५०० पट. तारखेमुळे लोकांना वाटलं थट्टा आहे. जीमेलनं सांगितलं पुसायची गरज नाही, ठेवा सगळं आणि शोधा. याहूनं जून २००४ मध्ये १०० एमबी केली, हॉटमेलनं २५० एमबीची घोषणा केली पण ती सगळ्यांपर्यंत पोचायला महिने लागले. माझ्या मैत्रिणी तेव्हा जीमेलचं इन्व्हाइट मागत फिरायच्या, कुणाकडे आहे का, दे ना गं एक. दोन वर्षांपूर्वी जे लोक हॉटमेलवर होते तेच हे.

फायलीतले शेवटचे कागद बघितले तर तळाची ओळही बदललेली आहे. १९९९ ला ती एक साधी ओळ होती, मेल फुकट मिळेल म्हणून. २००२-०३ च्या कागदांवर मायक्रोसॉफ्टच्याच एमएसएनच्या कुठल्या कुठल्या सेवांची जाहिरात आहे, वाचणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. आधीच्या ओळीत निदान पुढच्या माणसाला काहीतरी देऊ केलं होतं.

मग नावांचा खेळ. हॉटमेलचं एमएसएन हॉटमेल झालं होतंच. २००५ पासून नव्यानं बांधायला घेतलं त्याचं नाव विंडोज लाइव्ह मेल. ज्यांना चाचणीला दिलं होतं ते लोक म्हणाले हॉटमेल नाव काढू नका, म्हणून २००७ ला आलं विंडोज लाइव्ह हॉटमेल. तीन शब्द. कुणाला तोंडानं सांगायचं असेल तर लोक हॉटमेलच म्हणायचे. २०१२ च्या ३१ जुलैला आऊटलुक डॉट कॉम जाहीर झालं आणि २०१३ च्या मेपर्यंत सगळी खाती तिकडे नेली. हे हलवण्याचं काम मात्र मानलं पाहिजे, ३० कोटी खाती, १५० पेटाबाइट माल, सहा आठवड्यांत, आणि कुणाचा पत्ता बदलला नाही. ज्याला हॉटमेल डॉट कॉम ठेवायचंय त्यानं ठेवा. हे जर त्यांनी केलं नसतं तर मी हा रिव्ह्यू फार वेगळ्या आवाजात लिहिला असता.

त्याच्या थोडं आधीच, २०१० ते २०१२ च्या सुमारास, हॉटमेल चांगलं झालं होतं हे कुणी फारसं सांगत नाही. स्वीप नावाचं बटण आलं, एका कंपनीचे सगळे मेल एका फटक्यात काढून टाकायचं आणि पुढचेही, फोटो नीट दिसायला लागले, जंक बऱ्यापैकी अडायला लागलं. पण तोवर आपल्याकडे ऑर्कुटसाठी गुगलचं खातं काढून झालं होतं, आणि मग अँड्रॉइड फोन आले. फोन हातात घेतला की पहिलं तोच जीमेल विचारतो. माझ्या मावशीला मेल काय असतो ते माहीत नाही पण तिचं जीमेल खातं आहे, दुकानदारानं काढून दिलंय. याच्यापुढे हॉटमेल काय करणार. एकेकाळी हॉटमेल असंच आपोआप पसरलं होतं, माणसाकडून माणसाकडे. आता फोनच्या खोक्यातून जीमेल पसरलं.

आत्ता कसं आहे ते सांगते. फुकट खात्याला मेलसाठी १५ जीबी मिळते, पण एक गोष्ट लक्षात ठेवा, २०२३ पासून आऊटलुक डॉट कॉमच्या अटॅचमेंट त्यांच्या क्लाउडच्या ५ जीबीतही मोजल्या जातात, त्यामुळे मेलची जागा शिल्लक दिसते आणि ती दुसरी संपते. फोटोवाले मेल मोठ्यापासून लावून आधी ते काढा. फुकटवाल्यांना इनबॉक्समध्ये जाहिराती दिसतात, मेलसारख्याच दिसतात, ज्येष्ठ मंडळींना आधी दाखवून द्या कुठली जाहिरात आहे ते. २०२४ च्या सप्टेंबरपासून जुन्या पद्धतीनं नुसता पासवर्ड टाकून मेल उतरवणारी जुनी सॉफ्टवेअर चालत नाहीत, काकांच्या जुन्या कॉम्प्युटरवर मेल येईनासा झाला तर कारण हे असू शकतं. स्वीप अजून आहे आणि अजून उत्तम आहे. मराठी व्यवस्थित दिसतं, लिहिता येतं, शोधताही येतं. शोध मला जीमेलचाच जास्त बरा वाटतो.

ज्यांचं जुनं खातं पडून आहे त्यांनी आजच उघडून बघा. बऱ्याच जणांचं जुनं बँकेचं, पीएफचं, एलआयसीचं काहीतरी त्या आयडीला जोडलेलं असतं आणि ओटीपी जातो तिकडे. आत गेलात की पहिलं काम, रिकव्हरीचा फोन नंबर बदला, आपण २०१० पासून तीन नंबर बदललेले असतात.

मार्क द्यायचे तर १९९६ ते २००१ च्या हॉटमेलला ५ पैकी साडेचार, अर्धा त्या १९९९ च्या उघड्या दारासाठी कापला. २००२ ते २००७ ला दीड. आत्ताच्याला साडेतीन, ज्यांना गुगलकडे सगळंच ठेवायचं नाही त्यांच्यासाठी दुसरं खातं म्हणून चांगलं आहे, पहिलं म्हणूनही चालेल.

नवीन खातं काढताना हॉटमेल डॉट कॉम निवडायची सोय त्यांनी ठेवली होती. तीन वर्षांपूर्वी दादाच्या मुलानं काढलं, त्याला कॉलेजसाठी मेल हवा होता. त्याच्या वयाची सगळी जीमेलवर, हा म्हणाला मला पप्पांसारखं पाहिजे. नाव अर्थातच आधीच गेलेलं होतं, मग आजोबांचं आडनाव आणि नाशिकच्या घराचा नंबर लावून मिळालं. पहिला मेल त्यानं मला केला, मराठीत, देवनागरीत, दोन ओळी. त्याची मी प्रिंट काढली आणि निळ्या फायलीत सगळ्यात वर लावली.